हॅमस्टरची शू, शी आणि पिंजऱ्याची सफाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरातला हा तिसरा हॅमस्टर. आधी गोट्या, मग चिमी, आता शेंगा. माझा नंबर एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला देत देत आता सोलापुरात होटगी रोडपासून शेळगीपर्यंत कुणाच्याही पिंजऱ्याला वास आला की मला मेसेज येतो, तोही रात्री अकराला, कारण हॅमस्टर तेव्हाच उठलेला असतो. तीच ती उत्तरं टाइप करून कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. प्रश्न तुमचेच आहेत, फक्त थोडे नीटनेटके केलेत.

१. हॅमस्टर खरंच ठरलेल्या जागी शू करतो, की या नुसत्या सांगायच्या गोष्टी?

खरंच करतो. तुम्ही शिकवायच्या आधीपासून करतो. सीरियन हॅमस्टर मूळचा सीरिया आणि तुर्कस्तानच्या सीमेवरच्या कोरड्या शेतमुलखातला. तिथे तो जमिनीत खोल बीळ करतो. त्यात झोपायची खोली वेगळी, धान्याचं कोठार वेगळं आणि शू करायला बंद टोकाचा एक बोळ वेगळा. जुन्या वाड्यांत संडास परसाच्या टोकाला असायचा, तसाच हिशेब. १९३० साली अलेप्पोजवळ एक मादी आणि तिची पिल्लं पकडली होती. आज जगभर पाळले जाणारे बहुतेक सगळे सीरियन हॅमस्टर त्या एका घराण्यातले. इतक्या पिढ्या पिंजऱ्यात गेल्या, पण झोपायच्या जागेपासून लांब जाऊन शू करायची सवय काही सुटली नाही.

हे झालं शूचं. लेंड्यांचं वेगळं आहे, त्यासाठी प्रश्न ६ बघा.

२. नेमका कुठे करतो ते मला दिसतच नाही. शोधायचं कसं?

एक दिवस जागे राहा. शेंगा साडेआठ-नऊला घरट्यातून बाहेर येते. एक मोठी जांभई, मागचे पाय ताणून आळस, आणि तडक डावीकडचा मागचा कोपरा. तिथे पाठ कोपऱ्याकडे करते, बूड टेकवते, इवलीशी शेपटी वर, कान मागे, डोळे अर्धवट मिटलेले, आणि तीन-चार सेकंद अगदी स्तब्ध. मग दोन पावलं पुढे येऊन तोंड धुणं सुरू. एकदा ही मुद्रा पाहिलीत की पुन्हा चुकणार नाही.

जागायचं नसेल तर चारही कोपऱ्यांत बेडिंगखाली पांढऱ्या टिश्यूची घडी ठेवा आणि सकाळी कोणती पिवळी झाली ते बघा. जुन्या जागेवर खडूसारखा पांढरा थर दिसतो. हॅमस्टरच्या लघवीत कॅल्शियम भरपूर असतं, त्याचा तो थर.

एक फसगत नेहमी होते: पाण्याच्या बाटलीखालचा ओलावा. त्याला वास नसतो. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, ते बाटलीच्या नळीतल्या गोळीवर चढतात, गोळी नीट बसत नाही आणि बाटली रात्रभर ठिबकते. नळी तासभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, मग चांगली खळबळून धुवा.

३. टॉयलेटचा ट्रे वापरायला शिकवायचं कसं?

कोपरा सापडला म्हणजे अर्धं काम झालं. ट्रे त्याच्या कोपऱ्यात ठेवायचा, आपल्याला सोयीच्या कोपऱ्यात नाही. पन्नास टक्के लोक इथेच चुकतात. पिंजऱ्याचं दार उजवीकडे आहे म्हणून ट्रे उजवीकडे ठेवतात आणि वर म्हणतात, हा शिकत नाही.

ट्रे म्हणजे काही खास वस्तू नको. काचेचा किंवा स्टीलचा चपटा डबा चालतो. कड तीन-चार सेंटीमीटर, आत त्याला पूर्ण वळता आलं पाहिजे. त्यात दोन सेंटीमीटर वाळू (कोणती, ते प्रश्न ४ मध्ये). त्या वाळूवर त्याच्याच ओल्या बेडिंगची एक चिमूट आणि चार-पाच लेंड्या टाका, म्हणजे वासावरून त्याला कळतं. पहिला आठवडा ट्रे धुवायचा नाही, फक्त ओली वाळू चमच्याने काढायची. तो आत बसलेला दिसला तर बाहेर आल्यावर भोपळ्याची एक बी द्या. बहुतेक जण एक ते तीन आठवड्यांत लागतात मार्गाला. आडोसा आवडतो त्यांना, म्हणून वर छोटं छप्पर असलं तर आणखी बरं.

“चुकीच्या जागी केली तर नाक घासू का?” असा मेसेज मला महिन्यातून एकदा तरी येतो. नका घासू. त्याला त्या दोन गोष्टींचा संबंध लागत नाही. तुमच्या हाताची भीती मात्र कायमची बसते.

४. वाळू कोणती? बांधकामाची चालते का? घरात रांगोळी आहे, ती?

रांगोळी अजिबात नाही. ती दगडाची बारीक पूड असते. हॅमस्टर वाळूत लोळतो, उकरतो, नाक खुपसतो, आणि ती धूळ सरळ फुफ्फुसात जाते. रंगीत असेल तर विषयच संपला. दुकानात ‘हॅमस्टर बाथ पावडर’ म्हणून मैद्यासारखं बारीक काही मिळतं, तेही याच कारणाने नको. मांजराची ओली झाली की गोळा होणारी वाळू तर सगळ्यात वाईट: गालाच्या पिशवीत किंवा पोटात गेली की तिथेच फुगते.

नदीची वाळू चालते, पण कष्ट आहेत. पिठाच्या चाळणीतून खाली पडेल ते फेकायचं, मोठे खडे निवडून काढायचे, मग बादलीत पाणी नितळ राहीपर्यंत धुवायची. आठ-दहा पाणी तरी लागतात. गच्चीत कडक वाळवायची आणि जुन्या कढईत वीस मिनिटं भाजायची. हल्ली बांधकामावर क्रश सँड येते, ती नको. दगड फोडून केलेली असल्याने कणांना धार असते. हाताच्या तळव्यावर घासून बघा, लगेच कळतं. इतके सोपस्कार नको असतील तर चिंचिला नावाच्या प्राण्यासाठी मिळणारी धूळविरहित वाळू मागवा. एक पाकीट बरेच दिवस जातं.

५. ट्रे ठेवला, पण हा त्यात शू न करता लोळतो. कधी कधी झोपतोसुद्धा.

लोळतो कारण त्याच्या लेखी ती न्हाणी आहे. दोन वेगळी भांडी ठेवा: कोपऱ्यात लहान, ते शूसाठी, मध्ये मोठं पसरट, ते लोळण्यासाठी. रोबोरोव्हस्की जातीच्यांना तर मोठं वाळूचं भांडं हवंच.

झोपत असेल तर घरट्याची जागा त्याला पटलेली नाही. एकतर फार उघडी, किंवा फार गरम. आपल्याकडे मार्चनंतर हे सर्रास दिसतं, वाळू गार असते म्हणून. प्रश्न १७ वाचा.

६. लेंड्या मात्र पिंजराभर टाकतो. आणि काल एक उचलून खाल्ली! आजारी आहे का?

नाही, दोन्ही नेहमीचंच. लेंडी तो चालता-खाता कुठेही टाकतो आणि त्यावर आपला फारसा इलाज नाही. निरोगी लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी, गडद तपकिरी, कडक आणि बिनवासाची. दोन-तीन दिवसांनी चमच्याने वेचा, पुरे.

खाण्याचं म्हणाल, तर आतड्याच्या शेवटच्या भागात तयार होणारी काही जीवनसत्त्वं पहिल्या फेरीत अंगी लागत नाहीत, म्हणून तो काही लेंड्या पुन्हा खातो. ससेही हेच करतात. पाहवत नसेल तर त्या वेळी दुसरीकडे बघा. लेंडी मऊ, चिकट किंवा पातळ दिसली तर प्रश्न १५, आणि तो लगेच.

७. बेडिंग कोणतं घालू? वखारीतला भुसा फुकट मिळतो, कडबाही आहे.

वखारीतल्या भुशात कोणत्या लाकडाचं काय मिसळलंय ते वखारवाल्यालाही सांगता येत नाही. बारीक धूळ, प्लायवूडचा डिंक, कधी पॉलिश. पाइन आणि सीडरमधले सुवासिक द्रव्य श्वासनलिकेला जाचतात, तो ‘छान लाकडाचा वास’ म्हणजे तेच. अ‍ॅस्पेनचे पापुद्रे चालतात. सगळ्यात निर्धोक म्हणजे कागदाचं बेडिंग.

कडबा आपल्या जिल्ह्याचं सोनं, पण ते गुरांसाठी. शोषत काहीच नाही, पानांच्या कडा चिरतात आणि धूळ असते ती वेगळीच. भाताच्या तुसाचंही तसंच.

खर्च वाचवायचा असेल तर बिनछापील कोरे कागद आणि बिनवासाचे साधे टिश्यू लांब पट्ट्यांत फाडा, शोषणाचं काम उत्तम होतं. मात्र बीळ टिकत नाही, म्हणून थोडं विकतचं मिसळा. खोली किमान १५-२० सेंटीमीटर हवी. लोकांना वाटतं, जास्त बेडिंग म्हणजे जास्त घाण. प्रत्यक्षात उलटं होतं. दोन बोटं थर असेल तर शू तळाला जाऊन डबकं होतं, जाड थरात ती वरच्या वर गोळा होऊन राहते आणि तेवढाच गोळा उचलता येतो.

८. नवरा टॉवेलच्या कारखान्यात आहे, सुताचा मऊ गुंता हवा तेवढा आणतो. घरट्यासाठी किती छान!

कृपा करून नको. आपल्या गावात माग आहेत, त्यामुळे हा प्रश्न दुसऱ्या कुठल्या गावापेक्षा जास्त येतो, आणि मी स्वतः यात पोळले आहे. गोट्याला थंडी वाजेल म्हणून जुन्या सोलापुरी चादरीचा हातभर तुकडा घातला होता. तिसऱ्या दिवशी तो एक पाय ओढत चालायला लागला. टॉर्च लावून पाहिलं तर निळा सुती धागा घोट्याच्या वर चार वेढे घालून रुतलेला, खालचं पाऊल सुजून जांभळं झालेलं. मुलीने त्याला रुमालात धरलं, मी नेलकटरच्या टोकाने एकेक वेढा तोडला. पाय वाचला, पण दोन नखं गेली.

चादर, टॉवेल, कापूस, लोकर, दुकानात ‘हॅमस्टर कॉटन’ म्हणून मिळणारा मऊ पुंजका, सगळ्यांना हाच धोका. शिवाय तो ते गालात भरतो, गिळतो आणि आतडं तुंबतं. बोटांनी ओढल्यावर कागदासारखं तुटतं तेच घरट्यात घालायचं. ज्याचा दोरा निघतो ते नाही.

९. पिंजरा किती दिवसांनी धुवायचा?

रोज: ट्रेमधली ओली वाळू आणि उरलेली भाजी-काकडी काढायची. दोन मिनिटांचं काम.

आठवड्यातून एकदा: ट्रेमधली वाळू बदलायची, पण जुनी एक चिमूट ठेवायची. बेडिंगमध्ये कुठे ओला गोळा असेल तर तेवढा उचलायचा.

महिना-सव्वा महिन्याने: एक तृतीयांश ते निम्मं बेडिंग बदलायचं, जुनं कोरडं बेडिंग परत मिसळायचं. घरटं शक्यतो हलवायचं नाही. पेटी बाहेर काढून घासून धुणं याहूनही क्वचित. मोठ्या पेटीला (साधारण १०० × ५० सेंटीमीटर तळ) दोन-तीन महिने सहज जातात. दुकानात देतात तो फूटभराचा दांड्यांचा पिंजरा असेल तर हे गणित बसणार नाही. त्यात चार दिवसांत वास येणारच आणि ती चूक हॅमस्टरची नसते, जागेची असते.

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा धुण्याचा दिवस पाण्याच्या दिवसाला बांधून टाका. टाकीच्या तळाशी राहिलेल्या पाण्यात घाईघाईने विसळलेला डबा न धुतल्यातच जमा.

१०. मी दर रविवारी सगळं काढून लख्ख धुते. तरी मंगळवारपर्यंत वास! अजून काय करू?

कमी धुवा.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर ऐकून बहुतेकांना राग येतो, विशेषतः घर आरशासारखं ठेवणाऱ्यांना. हॅमस्टरला नीट दिसत नाही, त्याचं घर म्हणजे त्याचा वास. सीरियनच्या दोन्ही कुशींवर एकेक काळसर ठिपका असतो (लोक चामखीळ समजून घाबरतात), ती वासाची ग्रंथी. ड्वार्फच्या, म्हणजे लहान चणीच्या जातींच्या, पोटावर असते. त्या ग्रंथी घासून तो जागा ‘आपली’ करतो. तुम्ही रविवारी सगळं पुसून टाकता तेव्हा त्याला अनोळखी घरात टाकल्यासारखं होतं. मग तो जिवाच्या आकांताने सगळीकडे खुणा करतो, चार कोपऱ्यांत शू करतो, नेहमीची जागा विसरतो. मंगळवारचा वास तो हाच. पुढच्या रविवारी तुम्ही आणखी जोरात घासता.

महिनाभर प्रश्न ९ प्रमाणे करून बघा. पहिला आठवडा जरा जड जाईल, एका कोपऱ्यातली जुनी खूण खुपेल. तिकडे दुर्लक्ष करा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात शू पुन्हा एका जागी यायला लागते.

११. धुवायचं कशाने? फिनेल टाकलं तर चालेल ना, थोडंसं?

थोडंसंही नाही. फिनेल, डांबरगोळी, कापूर, रूम फ्रेशनर, पिंजऱ्याशेजारी धूप, सगळं बाद. त्याचं नाक जमिनीपासून सेंटीमीटरभर वर असतं, म्हणजे आपण फरशीवर गाल टेकून जगल्यासारखं.

रोजच्यासाठी गरम पाणी आणि भांडी घासायचा साबण, मग स्वच्छ पाण्याने दोनदा. पांढऱ्या थरासाठी व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं. ओतून दहा मिनिटं थांबायचं, बारीक फसफस होते आणि थर सुटतो. ब्लीच वापरूच नका. लघवीतल्या अमोनियाशी त्याची गाठ पडली तर विषारी वायू तयार होतो, व्हिनेगरशी पडली तर क्लोरिन.

आता खास आपल्या घरांसाठी सूचना. न्हाणीत किंवा अंगणात शहाबादी असेल तर व्हिनेगरचं काम परातीत करा. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. व्हिनेगर लघवीचा थर ज्या कारणाने खातं त्याच कारणाने फरशीही खातं. आमच्या मोरीत तळहाताएवढा पांढुरका खडबडीत डाग आहे, सासूबाई तो पाहुण्यांना दाखवतात.

धुतल्यावर ऊन. पेटी दोन तास कडक उन्हात खडखडीत वाळू द्या, उन्हाची आपल्याला ददात नाही. हॅमस्टरला मात्र तेवढा वेळ आत सावलीत ठेवा.

१२. चाकावर धावता धावताच शू करतो. सगळं उडतं.

करतात काही जण, विशेषतः ड्वार्फ. ही सवय मोडत नाही. भरीव पृष्ठभागाचं प्लास्टिकचं चाक घ्या (दांड्यांचं नको, पाय अडकतो, लाकडी असेल तर शू मुरते) आणि ओल्या फडक्याने दर दोन दिवसांनी पुसा. ट्रे चाकाजवळ सरकवला तर कधी कधी फरक पडतो.

१३. घरट्यात धान्याचा साठा करतो. सफाईच्या वेळी फेकायचा का?

कोरडं असेल तर हात लावू नका, ते त्याचं वर्षाचं धान्य आहे. गाजर, काकडी, पालेभाजी मात्र शोधून काढा, एका रात्रीत बुरशी धरते. साठ्यावर शू झाली असेल तर तेवढा भाग काढून त्याच जागी मूठभर नवीन ठेवा: ज्वारी, राळा, सूर्यफुलाच्या दोन-चार बिया. रिकामं कोठार पाहिलं की तो बिथरतो, आणि बिथरला की काय करतो ते प्रश्न १० मध्ये आलंच. शेंगदाणा एखादा, बिनमिठाचा. चटणीतला नव्हे. हे सांगायची वेळ आली आहे, म्हणून सांगते.

१४. इतके दिवस ट्रेमध्ये जायचा, आता घरट्यातच शू करतो.

तीन गोष्टी क्रमाने बघा. काही बदललंय का: नवं घरटं, पिंजऱ्याची जागा, घरी पाहुणे, वाळूचा प्रकार? तसं असेल तर आठवडाभर शांतपणे वाट बघा. दुसरं, वय. सीरियन दोन-तीन वर्षं जगतो, ड्वार्फ त्याहून थोडं कमी. दीड-दोन वर्षांनंतर ट्रेच्या कडेवर चढणंही जड जातं. चिमीच्या शेवटच्या महिन्यांत मी डब्याऐवजी सपाट झाकण ठेवलं, तेही घरट्यापासून वीतभरावर. तेवढ्याने भागलं.

तिसरं, आजार. पाणी एकदम जास्त पितो आणि खूप शू करतो, अंग मात्र वाळतंय, तर मधुमेहाची शंका घ्या, ड्वार्फमध्ये, त्यातही कॅम्पबेल जातीत, तो दिसतो. अंदाज म्हणून, शंभर ग्रॅम वजनाला दिवसाला साधारण १० मिलिलिटर पाणी. उन्हाळ्यात थोडं वाढतं. बाटलीवर मार्करने रेघ मारा, चार दिवसांचा हिशेब ठेवा आणि तो घेऊन डॉक्टरकडे जा.

१५. शी पातळ आहे, शेपटी ओली दिसते. उद्यापर्यंत थांबू?

थांबू नका. तीन ते आठ आठवड्यांच्या सीरियन पिल्लांमध्ये ‘वेट टेल’ नावाचा आतड्याचा जंतुसंसर्ग होतो. दुकानातून घरी आणल्यावर, जागा बदलल्याच्या ताणाने, नेमका याच वयात. शेपटीभोवती ओलं आणि घाण वास, पाठ कुबड काढल्यासारखी, डोळे मिटलेले, खाणं बंद. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. घरगुती उपाय, ताक, माणसाच्या गोळीचा तुकडा, काही देऊ नका. वाटेत बाटली ठिबकते म्हणून काकडीचा तुकडा ठेवतात, तोही या वेळी नको.

सगळेच जनावरांचे डॉक्टर हॅमस्टर बघत नाहीत. आजच दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारा आणि जो “हो” म्हणेल त्याचा नंबर पिंजऱ्यावर चिकटवा. रात्री दहाला शोधाशोध करण्यात काय होतं ते मी अनुभवलंय.

मोठा हॅमस्टर, तरतरीत आहे, फक्त काल काकडी जास्त झाली, तर ओला खाऊ दोन दिवस बंद करून बघायला हरकत नाही.

१६. लघवी पांढरट येते. मादीच्या खालून घट्ट पांढरं काहीतरी येतं. आणि एकदा लाल आली होती.

तीन वेगळे प्रश्न आहेत हे. पांढरट, दुधाळ, किंचित घट्ट लघवी हॅमस्टरची नेहमीचीच (कॅल्शियम, प्रश्न २).

मादी सीरियन दर चार दिवसांनी माजावर येते आणि त्यानंतरच्या सकाळी घट्ट, पांढरट, उग्र वासाचा स्राव दिसतो. लोक पू समजून घाबरतात. कॅलेंडरवर खूण करा. बरोबर चार-चार दिवसांनी येत असेल तर काळजी नाही. रोज येतोय, पिवळा-तपकिरी किंवा रक्ताळ आहे, पोट फुगलंय, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो, आणि मग त्याच दिवशी डॉक्टर.

लाल म्हटल्यावर आधी आठवा, बीट दिलं होतं का? नसेल तर पांढऱ्या टिश्यूवर नमुना घ्या आणि दाखवायला न्या. मूतखडा असतो, संसर्ग असतो. करताना चीं चीं आवाज करत असेल तर घाई करा.

१७. उन्हाळ्यात वास दुप्पट होतो. कूलरसमोर ठेवू का?

उष्णतेत लघवीतून अमोनिया भराभर सुटतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये ट्रेमधली वाळू दिवसाआड पूर्ण बदला. पण त्या दिवसांत वास ही दुय्यम गोष्ट. हॅमस्टरला २०-२४ अंश बरं वाटतं, तिशीच्या पुढे तो कासावीस होतो, आणि आपला पारा चाळीस ओलांडतो. पिंजरा पत्र्याखालच्या किंवा पश्चिमेच्या खोलीत नको. घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत, जमिनीवर ठेवा.

कूलर खोलीत चालू असू दे, झोत अंगावर नको. त्या दमट हवेने बेडिंगही ओलसर होतं आणि कुबट वास धरतं. माझी युक्ती: शहाबादीचे वीतभर तुकडे दोन, एक पिंजऱ्यात, एक फ्रिजमध्ये, दुपारी अदलाबदल. शेंगा त्यावर पोट टेकून चटईसारखी पसरते. तुकडा रोज पुसा, कारण गार फरशीवर शू करायचा मोह तिला आवरत नाही. आडवा पडून धापा टाकत असेल, तोंडाशी लाळ असेल, तर थंड पाण्यात बुडवू नका. गार जागी न्या, कान-पाय ओल्या बोटांनी पुसा आणि डॉक्टरकडे निघा.

१८. मुंग्या! साठ्यापर्यंत पोचल्या.

मुंग्यांचा खडू आणि पावडर दोन्ही विष, पिंजऱ्याच्या आसपासही नको. आजीच्या दुधाच्या कपाटाची पद्धत वापरा: पिंजरा स्टुलावर, स्टूलच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या, पाण्यात साबणाचा थेंब. स्टूल भिंतीला टेकलेलं नको, पडदा लोंबता नको. आत शिरल्याच असतील तर हॅमस्टरला दुसऱ्या डब्यात काढा, ओला खाऊ आणि मुंग्या लागलेलं बेडिंग काढा, बाकीचं कोरडं जुनं राहू द्या.

१९. पिल्लं झालीत. पिंजऱ्याला वास येतोय, साफ कधी करू?

पिल्लं झाल्यापासून दोन आठवडे घरट्याला हात नाही. आई बिथरली तर पिल्लं खाते, हे खरं आहे. लांबच्या कोपऱ्यातली ओली वाळू तेवढी, ती बाहेर असताना, हळूच चमच्याने. पिल्लांचे डोळे साधारण चौदाव्या दिवशी उघडतात, त्यानंतर थोडी थोडी सफाई. तीन-चार आठवड्यांत नर-माद्या वेगळ्या करा, नाहीतर हाच प्रश्न पुन्हा विचाराल.

२०. दोन हॅमस्टर एका पिंजऱ्यात ठेवले तर एकच ट्रे पुरेल?

सीरियन असतील तर ट्रेचा प्रश्नच येत नाही. दोन पिंजरे लागतात. मोठे झाल्यावर ते एकमेकांना फाडतात, कधी जिवानिशी. दुकानदार जोडी घ्यायला सांगतो, ऐकू नका.

२१. घरात सून गरोदर आहे. लहान नातूही आहे. शू-शीचा काही धोका?

सुनेने सफाई करू नये, दुसऱ्या कुणीतरी करावी. उंदीरवर्गातल्या प्राण्यांच्या लघवी-लेंडीतून एलसीएम नावाचा विषाणू क्वचित येतो आणि तो पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतो. हॅमस्टरला तो घरातल्या उंदरांकडून लागतो, म्हणून पिंजऱ्यापर्यंत उंदीर पोचणार नाहीत एवढंही बघा. पाच वर्षांखालच्या नातवाने हात लावला की लगेच साबणाने धुवायचे, लेंड्यांतून साल्मोनेला पसरू शकतो. आणि पेटी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये नाही, मोरीत धुवायची.

२२. वास येतो म्हणून त्यालाच अंघोळ घालू?

पाण्याने कधीच नाही. अंगावरचं तेल जातं, थंडी भरते. वाळूचं भांडं पुरेसं आहे (प्रश्न ५).

२३. चार दिवस गावाला जायचंय. सफाईचं काय?

दोन रात्री जमतात: निघताना ट्रे स्वच्छ, दोन बाटल्या, फक्त कोरडं धान्य. चार दिवस असतील तर कुणाला तरी सांगा, आणि त्यांना “पिंजरा धुवा” म्हणू नका, उत्साहाने सगळं धुऊन ठेवतात. “बाटली बघा, ओली वाळू काढा” एवढंच कागदावर लिहून द्या. होम मैदानाच्या आसपास राहणाऱ्यांनी गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात मोठी सफाई टाळावी. शोभेच्या दारूच्या आवाजाने आधीच तो घरट्यात दडलेला असतो.

२४. काढलेलं बेडिंग टाकायचं कुठे? तुळशीत टाकलं तर खत होईल ना?

कागदाचं बेडिंग आणि लेंड्या कुजतात, फुलझाडांच्या कुंडीत दोन-तीन महिने मुरवून घालता येतात. माझा मोगरा त्यावरच आहे. कोथिंबीर, पालक असं खायचं काही असेल तिथे नको. तुळशीची पानंही तोंडात टाकतो आपण, म्हणून तीही नाही, सासूबाईंचं कारण वेगळं असलं तरी. वाळू कुजत नाही. ती वर्तमानपत्रात बांधून घंटागाडीत द्या, संडासात ओतू नका. आमच्या वरच्या मजल्यावर एकांनी ओतली होती, प्लंबर दोन दिवस येत होता.